सायलेन्सर बदललात, आता मायबाखचं ऐका

कॉलेजच्या गेटवर एखादी बाईक येऊन थांबली की मान न वळवताही तुम्हाला कळतं, हिचा सायलेन्सर कंपनीचा नाही. उमरखेडच्या बस स्टँडपासून पुसद रोडपर्यंत दिवसभरात अशा किती गाड्या ऐकू येतात, मोजून बघा. कुणाची जुनी स्प्लेंडर असते, कुणाची पल्सर, कुणी काकांची बुलेट मागून आणलेली असते. खिशातले दोन-चार हजार जातात, गाडीचा आवाज बदलतो, आणि पहिले दोन दिवस भाऊ हवेत असतो.

तिसऱ्या दिवशी खरी गंमत सुरू होते. रेस सोडली की मागून फटाके फुटतात. पोफाळीकडे उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला जावं, तर ऐन वेळी गाडी अडखळते. इंजिन पायाला चटके देतं. पाइपचा इंजिनजवळचा भाग निळसर पडतो. मग तुम्ही गॅरेजला जाता आणि मिस्त्री सांगतो, कार्बोरेटर ट्यून करावा लागेल. तो कार्बोरेटर उघडतो आणि नखाएवढा एक पितळी स्क्रू बाहेर काढतो. त्याच्या मधोमध केसाएवढं भोक असतं. त्याला म्हणतात जेट.

या जेटमागची युक्ती 1893 सालची आहे. ज्या माणसानं ती आपल्या इंजिनावर बसवली, त्याचं आडनाव तुम्ही शंभरदा वाचलंय. रील्समध्ये, गाण्यांमध्ये, सेलिब्रिटींच्या गाड्यांच्या बातम्यांमध्ये. मायबाख. होय, तीच करोडोंची मायबाख. पण गाडीवर हे नाव आलं ते खूप नंतर. त्याआधी विल्हेल्म मायबाख नावाचा एक माणूस होता, आणि तुमच्या गाडीचा आजचा प्रॉब्लेम हा त्याच्या आयुष्यभराचा विषय होता.

अनाथाश्रमातला पोरगा

विल्हेल्मचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 चा, जर्मनीतल्या हाइलब्रोनचा. वडील सुतार. पाच भाऊ. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, वडीलही गेले. भाऊ विखुरले आणि विल्हेल्म रॉयटलिंगेन गावातल्या ब्रुडरहाउस नावाच्या संस्थेत आला. गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं चालवलेला हा अनाथाश्रम होता. पण नुसतं जेवू-खाऊ घालणारा नाही. तिथे वर्कशॉप होतं, मुलांना कामं शिकवली जायची, आणि त्यातून संस्थेचा खर्चही निघायचा.

वेर्नरच्या लक्षात आलं की हा मुलगा चित्र छान काढतो. फुलापानांचं नव्हे, यंत्रांचं चित्र. पंधराव्या वर्षी त्याला ड्रॉइंगच्या कामावर घेतलं. दिवसा काम आणि जोडीला गावातल्या शाळेत गणिताचे जादा तास. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी तो चढला नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर आयटीआय आणि अ‍ॅप्रेंटिसशिप, तीही अनाथाश्रमातली.

याच वर्कशॉपचा प्रमुख म्हणून गॉटलीब डाइम्लर आला. डाइम्लर शिकलेला, जग फिरलेला आणि विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठा. दोघांची जोडी इथे जमली ती डाइम्लरच्या मरणापर्यंत टिकली. डाइम्लर नोकरी बदलून कार्ल्सरूहला गेला, विल्हेल्म त्याच्या मागे गेला. 1872 मध्ये डाइम्लर कोलोनजवळच्या डॉइट्झ इंजिन कारखान्यात गेला, विल्हेल्म तिथेही गेला. पुढे लग्न केलं तेही डाइम्लरच्या बायकोच्या मैत्रिणीशी.

डॉइट्झ हा काही साधासुधा कारखाना नव्हता. निकोलाउस ओटोचा तो कारखाना. फोर-स्ट्रोक इंजिन आपण जे म्हणतो, ते 1876 मध्ये तिथे तयार झालं. मायबाख तिथला डिझाइन विभागाचा प्रमुख होता. पण ती इंजिनं अवजड होती, एका जागी बसून गॅसवर चालणारी, मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे घेणारी. तुमची बाईक रेस न देता, स्टँडवर उभी असतानाही हजारच्या वर फिरते. डाइम्लर आणि मायबाखला हवं होतं हलकं इंजिन, जे भरभर फिरेल आणि कशावरही बसवता येईल. ओटोशी पटेना. 1882 मध्ये दोघांनी कारखाना सोडला.

काचघरातली मोटारसायकल

डाइम्लरनं श्टुटगार्टजवळ कानश्टाटला बाग असलेलं घर घेतलं. त्या बागेत झाडांसाठीचं एक काचघर होतं. तेच त्यांचं वर्कशॉप झालं. आत काय चाललंय हे ते कुणाला कळू देत नसत. रात्री-अपरात्री ठोकाठोकी चालायची. असं सांगतात की माळ्याला संशय आला, हे लोक खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना कळवलं. पोलिसांनी झडती घेतली तर आत सापडली फक्त इंजिनं.

1885 मध्ये त्यांचं उभं, एका सिलिंडरचं इंजिन तयार झालं. दिसायला भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं, म्हणून त्याचं टोपणनाव पडलं आजोबांचं घड्याळ. मिनिटाला सहाशे फेरे. ते चालतं का हे रस्त्यावर बघायचं, म्हणून त्यांनी लाकडी फ्रेमची एक दुचाकी बनवली. साधारण 264 सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, वेग ताशी बारा किलोमीटर. पडू नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं, लहान पोरांच्या सायकलला असतात तशी. इंजिन थेट सीटखाली. ऑगस्ट 1885 मध्ये तिचं पेटंट झालं आणि नोव्हेंबरमध्ये ती कानश्टाटहून शेजारच्या उंटरटुर्कहाइमपर्यंत, साधारण तीन किलोमीटर धावली. पेट्रोलवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल हीच मानतात.

म्हणजे तुम्ही ज्या गाडीवर फिरता, तिची आजी ही. आणि पेटंटवर नाव होतं डाइम्लरचं. मायबाखचं नाही.

श्वास मोजायचा कसा?

गाडी धावली. पण एक गोष्ट जुळत नव्हती. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते, तीही मापात. वजनानं बघितलं तर एक भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा असली की दोन्ही पूर्ण जळतात. हवा जास्त झाली तर मिक्चर पातळ, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत लीन. पेट्रोल जास्त झालं तर मिक्चर गडद, म्हणजे रिच.

त्या काळी ही जुळणी अंदाजानं व्हायची. पेट्रोलच्या भांड्यावरून हवा फिरवायची, तिच्यासोबत जी वाफ येईल ती इंजिनात सोडायची. पेट्रोल तरी कुठलं, कपडे साफ करायला औषधाच्या दुकानात मिळायचं ते. 1888 मध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याची गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली, तेव्हा तिनं वाटेतल्या वीसलोख गावात औषधाच्या दुकानातूनच इंधन घेतलं होतं. या वाफेच्या पद्धतीत गोची अशी होती की पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जायचा आणि जड भाग खाली राहायचा. त्यामुळे सकाळी एक मिक्चर, दुपारी दुसरं. रस्त्यावर गाडी हिंदकळली की तिसरं. थंडीत वाफच कमी. इंजिन जितकं भरभर फिरवायचं, तितकी ही पद्धत अपुरी पडायची.

मायबाखनं आधी त्या भांड्यात तरंगणारा फ्लोट बसवून पाहिला. थोडा फरक पडला. पण खरं उत्तर सापडलं ते त्याच्या आयुष्यातल्या वाईट काळात.

हॉटेलच्या हॉलमधलं उत्तर

1890 मध्ये डाइम्लर मोटर कंपनी उभी राहिली. पैसा बाहेरच्या गुंतवणूकदारांचा, त्यामुळे हुकूमही त्यांचाच. मायबाखला देऊ केलेल्या अटी त्याला मान्य झाल्या नाहीत आणि 1891 च्या सुरुवातीला तो बाहेर पडला. कंपनी सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. डाइम्लर आत अडकलेला, पण मित्राला त्यानं सोडलं नाही. स्वतःच्या पैशानं मायबाखचं काम चालू ठेवलं. आधी घरी, मग 1892 पासून कानश्टाटच्या बंद पडलेल्या हॉटेल हेरमानच्या हॉलमध्ये. जिथे कधी काळी पाहुणे बसायचे, तिथे आता डझनभर कामगार आणि काही शिकाऊ पोरं इंजिनं बनवत होती.

तिथे मायबाखनं फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला आणि ऑगस्ट 1893 मध्ये फ्रान्समध्ये त्याचं पेटंट घेतलं. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या जोडीनं त्याच वर्षी फेब्रुवारीत अशाच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. फुलं विकणाऱ्या मुलीला फुलांवर पाणी फवारताना पाहून त्यांना ती सुचली, असं सांगतात. त्यामुळे पहिलं कोण यावर आजही वाद होतो. पण गाड्यांच्या धंद्यात हा कार्बोरेटर रुजला तो मायबाखच्या इंजिनांसोबत.

युक्ती ऐकायला सोपी आहे. एका छोट्या भांड्यात फ्लोट ठेवायचा. पेट्रोल ठरलेल्या उंचीपर्यंत आलं की फ्लोट वर येऊन नळी बंद करतो. भांड्यातून एक बारीक तोटी हवेच्या वाटेत काढायची. पिस्टन खाली गेला की इंजिन हवा ओढतं. ती हवा तोटीवरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हवा जास्त ओढली तर फवाराही जास्त. इंजिनच्या श्वासानंच इंधन मोजायचं, वेगळा हिशोब करणारा कुणी नको. तुमच्या गाडीतला फ्लोट, तुमच्या गाडीतला जेट, सगळं याच घराण्यातलं.

याच हॉलमध्ये फिनिक्स नावाचं इंजिन तयार झालं. त्याचे हक्क फ्रेडरिक सिम्स नावाच्या इंग्लंडमधल्या व्यावसायिकाला हवे होते. मोठी रक्कम द्यायची त्याची तयारी होती, पण डाइम्लरला कंपनीत परत घ्या अशी अट त्यानं घातली. 1895 मध्ये डाइम्लर परतला आणि मायबाखही तांत्रिक प्रमुख म्हणून परतला. चार वर्षांपूर्वी ज्याच्या अटींवर घासाघीस झाली होती, त्याच्या इंजिनानंच दोघांना दार उघडून दिलं.

मग सायलेन्सरचा काय संबंध?

आता तुमच्या गाडीकडे या. इंजिन श्वास घेतं तसा सोडतंही. सायलेन्सर म्हणजे त्याचं नाक समजा. कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात जाळ्या, पडदे, नळ्या असतात, त्यामुळे धूर थोडा अडखळत बाहेर पडतो. कंपनीनं जेटचा नंबर ठरवला तो हा अडथळा धरूनच. शिवाय प्रदूषणाचे नियम पाळायचे म्हणून मिक्चर मुळातच थोडं पातळ ठेवलेलं असतं.

तुम्ही मोकळा सायलेन्सर लावता. जळालेला धूर पटकन निघून जातो, सिलिंडरमध्ये नव्या हवेला जास्त जागा मिळते. पण जेटचं भोक तेवढंच. हवा वाढली, पेट्रोल त्या मापात वाढलं नाही. आधीच पातळ असलेलं मिक्चर आणखी पातळ झालं. असं मिक्चर नीट पेटत नाही. न जळलेला भाग गरम पाइपात जाऊन पेटतो, आणि पाइपचं गॅस्केट नीट बसलेलं नसेल तर बाहेरची हवा आत शिरून मदतच करते. तेच ते फटाके. ताकद दाखवणारे वाटतात, पण बहुतेक वेळा इंजिन उपाशी असल्याची तक्रार असते. तसंच दामटत राहिलात तर इंजिन जास्त तापतं, आणि टोकाला पिस्टन जाम होतो. नांदेड रोडवर ऐंशीच्या वेगात मागचं चाक अचानक अडकलं तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून ट्यूनिंग. चांगला मिस्त्री आधी गॅस्केटची गळती, एअर फिल्टर आणि टॅपेट बघतो. मग इंजिन गरम करून कामाला लागतो. रेस पूर्ण खोलल्यावर मेन जेटची सत्ता चालते, तिथे गाडी अडखळत असेल तर एक नंबर मोठा जेट. मधल्या रेसला सुई काम करते. तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. अगदी कमी रेसला पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चक्कर मारायची आणि प्लग काढून बघायचा. प्लगचं टोक पांढरं असेल तर मिक्चर अजून पातळ, काळी काजळी असेल तर गडद, बिस्किटासारखं तपकिरी असेल तर जमलं. मे महिन्यातल्या आपल्या दुपारी हवा विरळ असते, डिसेंबरच्या पहाटे दाट. त्यामुळे उन्हाळ्यात जमवलेली गाडी थंडीत पुन्हा फटफट करू शकते. मायबाखला छळणारी थंडी-गरमीची भानगड अजून पूर्ण मिटलेली नाही.

1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 बाईक असेल तर बहुतेक कार्बोरेटर नसतोच. तिथे कॉम्प्युटर पेट्रोल मोजतो आणि त्यासाठी एक सेन्सर धुराच्या वाटेत बसवलेला असतो, बाहेर जाणाऱ्या धुरावरून आत किती पेट्रोल सोडायचं ते ठरवायला. सायलेन्सर आणि इंधन यांचं नातं किती पक्कं आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आणि ट्यूनिंग कितीही चांगलं झालं तरी आवाजाचा कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली मर्यादेबाहेरच्या आवाजाला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं. जेट बदलून ही केस सुटत नाही.

गाडीवर दुसऱ्याचं नाव

6 मार्च 1900 ला डाइम्लर वारला. त्याच वर्षी एमिल येलिनेक नावाच्या श्रीमंत, वेगवेड्या ग्राहकानं कंपनीकडे मागणी केली, मला लांब, बसकी, हलकी आणि जोरदार गाडी द्या. एकदम 36 गाड्यांची ऑर्डर. डिझाइन केलं मायबाखनं. 35 हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, प्रत्येक जोडीला स्वतंत्र कार्बोरेटर. इंजिन थंड ठेवायला मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर, त्यात 8,070 बारीक नळ्या. मार्च 1901 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या शर्यतींत या गाडीनं बाकीच्यांना धूळ चारली. तोवर मोटार म्हणजे घोडा काढून टाकलेली बग्गी होती. ही पहिल्यांदा आजच्या गाडीसारखी दिसत होती. फ्रेंच लोक मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणू लागले.

पण कंपनीवर नाव डाइम्लरचं. गाडीवर नाव येलिनेकच्या लेकीचं, मर्सिडीज. मायबाखचं नाव कुठेच नाही. पाठीशी उभा राहणारा मित्र गेला होता, कंपनीत त्याला हळूहळू बाजूला सारलं गेलं, आणि 1907 मध्ये तो बाहेर पडला. वय 61. अनाथाश्रमातून सुरू झालेला प्रवास इथे संपला असता तरी कुणी नवल केलं नसतं.

तो थांबला नाही. 1909 मध्ये मुलगा कार्लसोबत झेपेलिन या अजस्र हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारी कंपनी त्यानं उभी केली. 1916 मध्ये श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. कॉलेजात न गेलेला माणूस सत्तराव्या वर्षी डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळला आणि 1921 मध्ये मायबाख नावाची गाडी लोकांसमोर आली. नाव आलं ते असं, मुलाच्या हातून. विल्हेल्म तेव्हा 75 वर्षांचा होता.

29 डिसेंबर 1929 ला तो गेला, 83 वर्षांचा होऊन. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइम्लर आहे, तिथेच त्यालाही जागा मिळाली.

आज मर्सिडीज-मायबाख आपल्या पुण्याजवळच्या चाकणलाही जोडली जाते. त्याच चाकणमध्ये पल्सरही बनते. त्यातली करोडोंची गाडी आपल्यापैकी किती जण घेतील कुणास ठाऊक, पण विल्हेल्मचं खरं काम आपल्यातल्या अनेकांच्या गुडघ्याजवळ रोज थरथरत असतं. कुणाच्या बाबांच्या जुन्या स्प्लेंडरमध्ये, कुणाच्या मामाच्या बुलेटमध्ये.

पुढच्या वेळी मिस्त्री कार्बोरेटर उघडेल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा. जेट हातात घ्या, उजेडाकडे धरा, त्यावर कोरलेला बारीक आकडा वाचा. मग मिस्त्रीला विचारा, हा आकडा जुन्या सायलेन्सरचा आहे की नव्याचा?